तिसऱ्या रांगेतलं ‘नाही’

आमच्या पुढच्या खोलीत पाऊल टाकणाऱ्याला आधी दात दिसतात, मग माणसं. ह्यांचा धंदाच तो आहे. दाताचे डॉक्टर तोंडाचं माप घेऊन साचा पाठवतात आणि हे त्यावरून कवळी बनवून देतात. खिडकीखालच्या फळीवर तयार, अर्धवट, दुरुस्तीला आलेल्या अशा कवळ्या ओळीने मांडलेल्या असतात आणि त्यांच्या मधोमध एक काचेची बाटली. बोटभर उंचीची, लाखेने तोंड बंद केलेली, आत काळं तेल. आमच्या कंपनीच्या पहिल्या विहिरीचं. आमची कंपनी म्हणायचं आणि हसायचं. जमिनीखाली तेल शोधणारी एवढी मोठी कंपनी आणि तिच्यात आमचे एवढेसे शेअर. पण हे ‘आपल्या विहिरीत’ असंच बोलायचे, जसं काही रोज सकाळी स्वतः जाऊन उपसून येत होते.

पहिल्या विहिरीला तेल लागलं तेव्हा जो तो तेच बोलत होता. आमच्या शेजारी बसचे ड्रायव्हर राहतात. मी त्यांना ड्रायव्हरभाऊजी म्हणते. ते चप्पल न घालताच धावत आले आणि म्हणाले, “वहिनी, आता नाही तर कधीच नाही.” ह्यांनी साठवलेलं होतं नव्हतं ते सगळं घातलं. भाऊजींनी घातलं, वरच्या मजल्यावरच्या नर्सबाईंनी घातलं. मग दुसऱ्या विहिरीला खारं पाणी लागलं. तिसरीला काहीच लागलं नाही. चौथीत तर यंत्राचं टोकच तुटून आत अडकलं. शेअरचा भाव असा काही उतरला की विकायला गेलं तरी घेणारा तोंड फिरवायचा. कंपनीचा वार्षिक अहवाल मात्र दर वर्षी म्हणायचा, ‘निष्कर्ष आशादायक आहेत.’ तो शब्द ऐकला की अजूनही माझं डोकं उठतं.

वर्षातून एकदा भागधारकांची सभा असायची. पहिल्या वर्षी जेवण होतं आणि जाताना ती बाटली. दुसऱ्या वर्षी नाश्ता आणि टोपी. मग चहा-बिस्किटं, मग नुसता चहा. शेवटी शेवटी दाराशी पाण्याचं पिंप आणि कागदी पेले. कंपनीची तब्येत कशी आहे ते कळायला मला कधी अहवाल वाचावा लागला नाही. मी दर वर्षी ह्यांच्यासोबत जायची आणि मागे भिंतीला लागून बसायची. शेअर ह्यांच्या नावावर, त्यामुळे मला मत नव्हतं. मी म्हणायची, घरात आहे तेवढं पुरे.

तिथेच हरकतकाका भेटले. जमीन मोजणीच्या कचेरीतून निवृत्त झालेले, काटकुळे, शर्टाचं वरचं बटणसुद्धा लावणारे. दर सभेत ते उभे राहायचे आणि “माझी हरकत नोंदवून घ्या” असं म्हणून बसायचे. त्यावरून त्यांना ते नाव पडलं. निम्म्याहून जास्त शेअर चेअरमन आणि त्यांच्या घरच्यांकडे होते, त्यामुळे कोणी काही म्हटलं तरी ठराव व्हायचा तो व्हायचाच. मग छोट्या भागधारकांनी काकांचं बघून एक रीत पाडली. प्रत्येक ठरावाला नाही म्हणायचं. हिशेब मंजूर? नाही. हिशेब तपासनीस नेमायचा? नाही. मागच्या सभेचं इतिवृत्त बरोबर आहे? नाही. एका वर्षी वारलेल्या संचालकांना श्रद्धांजली वाहण्याचा ठराव आला. सवयीने त्यालाही अर्धी रांग नाही म्हणाली आणि मग सगळे माना खाली घालून बसले.

तिसरी रांग आमच्या मंडळींची. ह्यांचा आवाज मुळात बारीक. कवळी नीट बसते का, हे गिऱ्हाइकाला विचारतानासुद्धा हे दोनदा खाकरतात. पण तिसऱ्या रांगेत उभं राहून ‘नाही’ म्हणाले की छत दणाणायचं. वर्षभराचं सगळं त्यात निघायचं. बुडालेले पैसे, दुखणारी पाठ, उधारीवर दात नेऊन पुन्हा तोंड न दाखवणारे डॉक्टर, सगळं. घरी आले की दोन दिवस खुशीत असायचे. मी चिडवायची, “काय, आज बुडवून आलात का कंपनी?”

आता ते आठवलं की स्वतःचीच जीभ चावावीशी वाटते.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या हाताला कंप सुटला. आधी चहाच्या कपात दिसला, मग कामात. एका म्हातारबांची कवळी तीनदा परत आली. पुढचा एक दात केसभर तिरका बसला होता आणि त्यांना घास चावताना ओठ चावला जायचा. त्यांनी नुसतं तोंड उघडून ओठ दाखवला. ह्यांनी त्या रात्री जेवण केलं नाही. म्हणाले, “कोणाचं तोंड बिघडवून ठेवण्याआधी मला थांबायला हवं.” पण थांबायचं कशावर? घासण्याचं, चकाकी आणण्याचं काम मी शिकून घेतलं. दात बसवणं मात्र ह्यांनाच करावं लागायचं, आणि ते करताना हे डाव्या हाताने उजवं मनगट दाबून धरायचे. मला ते बघवायचं नाही.

आमची लेक दुसऱ्या गावात असते. तिच्या घरासमोरच्या इमारतीत तळमजल्यावर दोन खोल्या विकायच्या होत्या. मालक भला माणूस, लेकीच्या शब्दावर थांबला होता. नात तिच्या खिडकीत उभी राहिली तर त्या खोल्यांचं दार दिसतं. लेक फोनवर म्हणायची, “आई, तू हाक मारलीस तरी मला ऐकू येईल.” आम्हाला हवं होतं ते एवढंच. धंदा बंद करायचा आणि त्या दोन खोल्यांत जाऊन राहायचं. त्यासाठी पैसे एकाच जागी होते, तेही जमिनीखाली.

आणि मग खरंच, एक कंपनी आमची कंपनी विकत घ्यायला तयार झाली. खरेदी करणारे चेअरमनचे व्याही होते. भाव आम्ही घातला त्याच्या निम्मासुद्धा नव्हता, पण बाजारात मिळत होता त्याच्या कितीतरी वर. ह्यांनी मला पलंगावर बसवून सांगितलं, “खोल्या होतात. थोडे उरतात पण.” किती दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसत होता. मी त्याच दिवशी माळ्यावरचे जुने खोके काढून झाडायला घेतले.

सभेच्या आधीच्या रविवारी सगळे आमच्याकडे जमले. भाऊजी, नर्सबाई, हरकतकाका. काकांच्या मांडीवर कापडी पिशवी होती. गावभरच्या ज्या भागधारकांना सभेला येणं जमत नाही, ते आपलं मत द्यायचा अधिकार काकांना लिहून देत. दर वर्षी पिशवी फुगत गेली होती. म्हातारे, आजारी, लांबचे, सगळ्यांचा राग त्या पिशवीत होता.

भाऊजी म्हणाले, “पैसे आले की पहिलं छप्पर. बायको बोलून बोलून थकली.”

नर्सबाई म्हणाल्या, “मी बाई काही करणार नाही. नुसती मोजत बसेन.”

मी चहा देत होते. सहज विचारलं, “म्हणजे या वेळी हो म्हणायचं ना?”

सगळ्यांनीच माझ्याकडे असं पाहिलं जसं मी चहात मीठ टाकलं होतं.

“हो?” काका म्हणाले. “वहिनी, आपल्याच व्याह्याला कवडीमोलाने कंपनी देतोय तो. आणि त्याला आपण हो म्हणायचं?”

“पण पैसे हवेत ना?”

“पैसे तर घ्यायचेच! ठराव काय, पास होणारच. दर वर्षी होतो. पण उद्या कोणी इतिवृत्त उघडलं तर त्यात दिसलं पाहिजे, की हे लोक गप्प बसले नव्हते.”

“बरोबर,” हे म्हणाले. “शेवटची सभा आहे. शेवटचं नाही जोरात झालं पाहिजे.”

मलाही ते पटलं. खोटं कशाला सांगू? इतकी वर्षं त्या चेअरमनने आमच्या लोकांच्या तोंडाला पानं पुसली होती. जाता जाता एक सणसणीत ‘नाही’ त्याच्या कानावर पडावं असं मलाही वाटत होतं. पैसेही मिळणार आणि मनासारखंही होणार, मग काय वाईट? मी सगळ्यांना आणखी अर्धा अर्धा कप चहा दिला.

सभेच्या दिवशी हॉल कधी नव्हे इतका भरला होता. भिंतीशीसुद्धा लोक उभे होते. मला शेवटच्या रांगेत नर्सबाईंच्या शेजारी जागा मिळाली. त्यांचे गुडघे दुखतात म्हणून त्या तिसऱ्या रांगेपर्यंत गेल्या नव्हत्या. व्यासपीठावर चेअरमन बसले होते. पूर्वीचा गुबगुबीत चेहरा पार ओघळला होता. कंपनीच्या सेक्रेटरीबाईंनी एका सुरात वाचायला सुरुवात केली. विक्रीचा ठराव आला तेव्हा त्या थांबल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “खरेदीदार चेअरमनसाहेबांचे नातेवाईक असल्यामुळे नियमाप्रमाणे साहेब आणि त्यांच्या कुटुंबाला या ठरावावर मत देता येणार नाही.”

हॉलमध्ये टाळ्या. शिट्ट्या. भाऊजी तर खुर्चीवर चढले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच चेअरमनचं तोंड बंद झालं होतं, आणि तेही सगळ्यांसमोर. हे मागे वळले, मला शोधलं आणि दोन्ही मुठी वर केल्या. मीही टाळ्या वाजवत होते.

नर्सबाई माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, “मग पास कोण करणार?”

“अं?”

“ते मत देणार नाहीत, तर ठराव पास कोण करणार?”

मी म्हटलं, “त्यांचं ते बघतील. आपण नाही म्हटलं म्हणून कधी काही अडलंय का?” नर्सबाई हसल्या. मीही हसले. पुढच्या रांगेतला एक माणूस मागे वळून म्हणाला, “बरोबर बोललात.”

मत लिहायच्या चिठ्ठ्या वाटल्या गेल्या. नुसत्या चिठ्ठ्यांवर भागलं असतं, पण तिसऱ्या रांगेला आवाज हवा होता. चेअरमन उभे राहिले आणि काहीतरी सांगू लागले. “मित्रहो, या वेळी जरा विचार करून...” एवढंच ऐकू आलं. पुढचं कोणी ऐकूनच घेतलं नाही. हे उठले आणि ‘नाही’ म्हणाले. मग काका, मग भाऊजी, मग आख्खी रांग, मग आख्खा हॉल. माझ्या पायाखालची फरशी थरथरली. चेअरमन तसेच उभे राहिले आणि मग हळूच खाली बसले.

मोजायला वेळ लागला. काकांची पिशवी एकटीच बराच वेळ खाऊन गेली. मग सेक्रेटरीबाई माइकजवळ आल्या आणि म्हणाल्या, “ठराव नामंजूर झाला आहे.”

काका रडले. खरंच रडले, वरचं बटण उघडून. म्हणाले, “जिंकलो! आयुष्यात पहिल्यांदा.” अनोळखी माणसं ह्यांना मिठ्या मारत होती. मी मागून बघत होते आणि मला इतका अभिमान वाटला की काय सांगू. माझा हा बारीक आवाजाचा माणूस, आणि सगळा हॉल त्याच्यामागे.

जिना उतरेपर्यंत तो आनंद टिकला. दाराशी आल्यावर नर्सबाई कठड्याला धरून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “मग आता पैसे कधी मिळणार?”

भाऊजींनी काकांकडे पाहिलं. काकांनी पिशवीकडे पाहिलं. ह्यांनी उजवा हात खिशात घातला.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. सवयीने ह्यांच्या तोंडून निघून गेलं, “जिंकलो आम्ही.” ती आनंदाने ओरडली, “मग मालकाला सांगू ना?” हे म्हणाले, “दोन दिवस थांब म्हणावं. कागदपत्रांचं बघायचंय.” फोन ठेवल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाले, “पुन्हा मत घेता येत असेल.” मला इतका राग आला होता की काही बोलले असते तर भांडणच झालं असतं. मी कवळ्या घासत बसले. एक तर इतकी घासली की नवी करावी लागली.

दुसऱ्या दिवशी हे, काका आणि मी कंपनीच्या कचेरीत गेलो. पूर्वी तिथे दारावर माणूस असायचा. आता कोणी नव्हतं. आतल्या टेबलांवर धूळ होती आणि एका कोपऱ्यात विहिरींतून काढलेल्या दगडांचे तुकडे खोक्यांत भरून ठेवलेले. चेअरमन आपल्या खोलीत एकटेच होते. आम्हाला बघून उठले. मला वाटलं होतं, हाकलून देतील. त्यांनी खुर्च्या पुसून दिल्या.

काका म्हणाले, “साहेब, आमचं म्हणणं असं, की ठराव परत मांडावा.”

“घेणारा असेल तर मांडायचा ना,” चेअरमन म्हणाले. “व्याही काल रात्रीच माघार घेऊन मोकळे झाले. म्हणाले, ज्यांना नको त्यांच्या गळ्यात कशाला पडायचं?”

“आम्हाला नको होतं असं नाही,” हे म्हणाले. आवाज पुन्हा बारीक झाला होता. “आम्हाला वाटलं, तुम्ही करून घ्याल.”

चेअरमननी ह्यांच्याकडे पाहिलं. रागाने नाही. “सगळं तुमच्यावर होतं,” ते म्हणाले. “पहिल्यांदाच. तेच सांगायला उभा राहिलो होतो. माझं गहाण पडलेलं घरही त्या पैशांवर सुटणार होतं हो.”

मला त्या माणसाचा इतकी वर्षं राग होता, तो कुठे ठेवावा ते कळेना. खोट्या आशा त्यानेच दाखवल्या होत्या, त्या काही मी विसरले नव्हते. पण तिथे बसून त्याला शिव्या घालाव्यात असं काही उरलं नव्हतं. त्याने आम्हाला पाणी विचारलं. कागदी पेले तेच, सभेतले उरलेले. काका उठताना सवयीने म्हणाले, “माझी हरकत...” आणि मधेच थांबले.

घरी येताना रस्त्यात मी एकदाच बोलले. म्हटलं, “एक शब्द होता. एवढा एक शब्द बदलला असता तर.” हे म्हणाले, “माहीत आहे.” मग मीही गप्प बसले, कारण टाळ्या मीही वाजवल्या होत्या.

दोन दिवसांनी लेकीचा फोन आला. हे कामाला बसले होते, डाव्या हाताने मनगट धरून. फोन मधे ठेवून मी आवाज मोठा केला.

“बाबा, मालकाकडे दुसरं गिऱ्हाईक आलंय,” लेक म्हणाली. “तो म्हणतो, तुमचा शब्द असेल तर मी त्याला परत पाठवतो. पण आज सांगायला हवं. हो की नाही एवढंच सांगा.”

ह्यांनी हातातला साचा खाली ठेवला. तोंड उघडलं. मी वाट बघत होते. हॉल दणाणून सोडणारा माणूस, किती तरी ठराव आडवे करायला निघालेला, आणि त्याच्या घशातून तो शब्द बाहेर येईना. मागे कुठेतरी नात विचारत होती, “आजोबा आहेत? आजोबा कधी येणार?”

“हो,” हे म्हणाले. “हो, हो. येतोय.”

“हो म्हणाले!” लेक तिकडे ओरडली. “ऐकलंस का, आजोबा हो म्हणाले!” टाळ्यांचा आवाज आला, छोट्या हातांच्या टाळ्या.

मी ह्यांच्याकडे पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते. समोरच्या फळीवरच्या बाटलीकडे बघत होते आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला त्यांचा राग यायला हवा होता. इतक्या वर्षांत त्यांनी एकदाच हो म्हटलं आणि तेही जिथे म्हणायचं नव्हतं तिथे. पण राग आला नाही. मला नुसतं वाटलं, हे उठून आत गेले तर बरं, म्हणजे त्यांना पुढचं ऐकावं लागणार नाही. ते उठले नाहीत.

मी फोन उचलून कानाला लावला, आवाज बारीक केला आणि लेकीला म्हटलं, “पोरीला जरा बाजूला कर. मी काय सांगते ते ऐक.”

मग ‘नाही’ मी म्हणाले.